हरणी डिझेल फार पिते

खिंडीच्या पायथ्याशी करंजवाडी नावाचं गाव होतं, आणि त्या गावात एक भोळा पिकअपवाला राहत होता. त्याचं नाव मुकिंदा. मुकिंदा सांगितलेलं काम मन लावून करायचा. सांगितलं तेवढंच करायचा आणि सांगितलं तसंच करायचा. एवढी एक गोष्ट सोडली, तर माणूस लाखात एक होता.

"दूध उतू जातंय का बघा," असं बायकोनं म्हटलं, की तो चुलीपाशी जाऊन बघायचा आणि येऊन सांगायचा, "जातंय."

गाडी मात्र तो सुरेख चालवायचा. गाडीला बोलता येत नव्हतं. त्यामुळे ती त्याला काही सांगत नव्हती आणि दोघांचं छान चाललं होतं.

ही गाडी म्हणजे एक जुनी डिझेल पिकअप होती. मुकिंदानं तिचं नाव हरणी ठेवलं होतं. सकाळी तो तिच्या बॉनेटवर थाप मारायचा, काच पुसायचा आणि मगच स्वतः तोंड धुवायचा. त्याची बायको सुंद्रा हिची चुरमुऱ्यांची भट्टी होती. सुंद्रा चुरमुरे भाजायची, पोती शिवायची, आणि मुकिंदा ती पोती हरणीतून खिंडीपलीकडे तालुक्याच्या दुकानांत पोचवायचा. हरणीवर भट्टी चालायची आणि भट्टीवर घर.

एकच वाईट होतं. हरणी डिझेल फार प्यायची.

गाडी घेऊन दिली होती सुंद्राच्या वडिलांनी, केरूआबांनी. एकदा आबा लेकीकडे जेवायला आले. जेवता जेवता म्हणाले, "जावईबापू, ही गाडी पोसण्यापेक्षा मी हत्ती पाळला असता. तो निदान लग्नाच्या वरातीत तरी उपयोगी पडला असता."

मुकिंदा म्हणाला, "मामा, हत्तीत पोती मावणार नाहीत."

आबांनी घास खाली ठेवला. "हे बघा. म्हसोबाची जत्रा झाली की मी परत येतो. तोवर हिचं पिणं कमी झालं तर ठीक. नाहीतर एक गिऱ्हाईक माझ्या मागं लागलंय, त्याला देऊन टाकतो. मग तुम्ही पोती सायकलवरून न्या."

आबा गेले. मुकिंदाला भाकरी गोड लागेना. सुंद्रा म्हणाली, "अहो, सायकलवर किती पोती जाणार? भट्टीच बंद करावी लागेल. शब्बीर मेस्त्रीला विचारा. तो सांगेल तसं करा."

हे मुकिंदाला सांगायची खरं तर गरज नव्हती.

शब्बीर मेस्त्रीचं ग्यारेज फाट्यावर होतं. त्यानं हरणीभोवती एक चक्कर मारली, बॉनेट उघडलं, कान लावून इंजिन ऐकलं. मग म्हणाला, "गाडी म्हातारी आहे, पण गुणाची आहे. तुझाच पाय जड पडतोय. ॲक्सिलरेटरवर पापड ठेवलाय असं समज. पापड मोडायला नको, एवढ्या हलक्या पायानं चालव. बघ कशी कमी पिते."

"पापड कुठला? उडदाचा की नाचणीचा?"

"कुठलाही चालेल बाबा," मेस्त्री म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सुंद्रानं बाजेवर उडदाचे पापड वाळत घातले होते. मुकिंदानं ते सगळे टोपलीत भरले आणि टोपली शेजारच्या सीटवर ठेवली. एक पापड ॲक्सिलरेटरवर ठेवला, वर पाय ठेवला. कुर्रकन आवाज आला. मुकिंदानं गाडी थांबवली, चुरा झाडला, दुसरा पापड ठेवला. पुन्हा कुर्रकन झालं. मागून येणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवून वाजवून दमल्या. तालुक्याला पोचेपर्यंत टोपली रिकामी झाली होती आणि त्याच्या पायाला जिऱ्याचा वास येत होता.

घरी आल्यावर सुंद्रानं विचारलं, "बाजेवरचे पापड कुठं गेले हो?"

"मोडले."

"सगळे?"

"सगळे. अजून सराव पाहिजे. पुढच्या वेळी थोडे जाड लाट."

सुंद्रानं कपाळाला हात लावला. "अहो, मेस्त्री म्हणाला पापड आहे असं समज. समजायचं म्हणजे नुसतं मनात धरायचं. प्रत्यक्षात काही करायचं नसतं."

"असं होय? आता लक्षात आलं," मुकिंदा म्हणाला. आणि खरोखरच आलं. त्याच्या एकदा लक्षात आलेलं सहसा जात नसे.

थोड्या दिवसांनी मेस्त्रीनं हरणीच्या टायरांवर बोट दाबून बघितलं. "अरे, हवा किती उतरलीय. पोट जमिनीला लागल्यासारखी चालतेय बिचारी. अशानं डिझेल जास्तच लागणार. पलीकडच्या पंक्चरवाल्याकडं जा आणि हवा भरून घे."

मुकिंदानं गाडी पंक्चरच्या दुकानासमोर उभी केली. खाली उतरला. टायरांसमोर उकिडवा बसला आणि डोळे मिटून घेतले.

बराच वेळ झाला. पंक्चरवाला बाहेर आला. "काय चाललंय, दादा?"

"हवा भरतोय," मुकिंदा डोळे न उघडता म्हणाला. "तीन चाकं झाली. मागचं एक राहिलंय."

पंक्चरवाला आत गेला आणि त्यानं दुकानातल्या देवाला उदबत्ती लावली.

त्या दिवशी खिंडीच्या पहिल्याच वळणावर मागचं चाक खाली बसलं. मेस्त्री आला, त्यानं चाक बदललं, चारी टायरांत हवा स्वतःच्या हातानं भरली आणि मग मुकिंदाकडं वळला.

"हवा कुणी मनात भरतं का रे? ठासून भरायची असते. वरून दाबून बघायचं. दबतंय असं वाटलं तर अजून भरायचं. दगडासारखं टणक लागेपर्यंत हात थांबवायचा नाही."

"असं होय? आता लक्षात आलं," मुकिंदा म्हणाला.

"आणि घरी गेल्यावर एअर फिल्टर काढ. धुळीनं माखलाय. झटक, फुंकर मार, साफ करून परत डब्यात बसव."

मुकिंदानं फिल्टर काढला. झटकला. फुंकर मारली. इतका स्वच्छ केला की मेस्त्रीनंही पाठ थोपटली असती. डब्यात बसवला आणि मग त्याला मेस्त्रीचं सांगणं आठवलं. त्यानं वरून दाबून बघितलं. फिल्टर दबला.

मुकिंदा घरात गेला. आधी एक जुनी चादर आणली. ती डब्यात कोंबली आणि दाबून बघितलं. अजून दबत होतं. मग सुंद्राची वाकळ फाडली. तरी थोडंसं दबत होतं. शेवटी अंगातली बंडी काढून घातली, तेव्हा कुठं डबा दगडासारखा लागला. मुकिंदाला फार बरं वाटलं.

हरणीला वाटलं नाही. खिंड चढताना ती आधी खोकली, मग तिनं काळा धूर सोडला, इतका काळा की खिंडीतल्या चहावाल्याला पावसाची लक्षणं वाटली आणि त्यानं बाकडी आत घेतली. मग ती उभीच राहिली.

मेस्त्री कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून आला. त्यानं डबा उघडला आणि एक एक वस्तू बाहेर काढून रस्त्यावर ठेवली. बंडी हातात आल्यावर त्यानं उघड्या अंगाच्या मुकिंदाकडं बघितलं.

"ही तुझी?"

"माझीच. तुम्हाला पाहिजे तर ठेवा."

मेस्त्री रस्त्याकडेच्या दगडावर बसला. म्हणाला, "मुकिंदा, तुझ्या नाकात कुणी चादर कोंबली तर तू खिंड चढशील का? श्वास घ्यायला जागा लागते. असं कोंडून, दाबून काही ठेवू नये. तोंड मोकळं सोडावं, वारा खेळू द्यावा."

"खरंय," मुकिंदा म्हणाला. त्याला फार वाईट वाटलं होतं. त्यानं हरणीच्या बॉनेटवरून हात फिरवला. "आता लक्षात आलं."

इकडे जत्रा जवळ आली. जत्रेतल्या भेळवाल्यांनी सुंद्राकडं चुरमुरे सांगून ठेवले होते. भट्टीला उसंत नव्हती. सुंद्रा घामानं निथळत भाजत होती, चाळत होती, पोती भरत होती, सुतळीनं तोंडं शिवत होती. पोती भरून झाली तेव्हा ती म्हणाली, "अहो, दोन खेपा करू नका. दोन खेपांना दुप्पट डिझेल जातं. सगळी पोती एकदाच न्या. चुरमुऱ्यांना वजन ते काय?"

मुकिंदानं उंच थर रचला, दोर बांधला आणि निघाला. हवा बरोबर होती, फिल्टर साफ होता, पाय हलका होता. हरणी वाऱ्यासारखी चालली होती. मुकिंदा खुशीत होता. पण फाटा ओलांडला आणि त्यानं आरशात मागं बघितलं. बिचारी पोती. एकावर एक दाबलेली. तोंडं शिवलेली.

त्यानं गाडी बाजूला घेतली. वर चढला आणि कोयतीनं एकेका पोत्याचं तोंड मोकळं केलं. "घ्या आता वारा," म्हणाला.

चैतातला वारा. गाडी उघडी. करंजवाडीच्या फाट्यापासून म्हसोबाच्या जत्रेपर्यंत सगळा रस्ता पांढरा झाला. शेळ्यांचा एक कळप रस्त्यावर आला तो हलेना. चिमण्या कुठून कुठून आल्या. शाळेतून घरी चाललेल्या पोरांनी फ्रॉकचे आणि सदऱ्यांचे ओचे पुढं धरले. एक म्हातारी आडवी आली आणि म्हणाली, "थोडं फरसाणही सोड की रे, बाबा."

एक गोष्ट मात्र खरी. त्या दिवशी हरणीला डिझेल अगदीच कमी लागलं. जसजशी पुढं गेली, तसतशी ती हलकी होत गेली.

भेळवाल्यानं पोतं उचललं. त्यातून वारा निघाला. "माल कुठाय?"

"मोकळा केला," मुकिंदा म्हणाला. "गुदमरत होता."

हे घरी कळलं तेव्हा सुंद्रा ओरडली नाही. ती उंबऱ्यावर बसून राहिली. थंड पडलेल्या भट्टीकडं बघत म्हणाली, "अहो, गाडीत काही भरलं, की त्याचं तोंड बांधायचं. गच्च बांधायचं. मुक्कामाला पोचून खाली उतरवेपर्यंत सोडायचं नाही. एवढं तरी ध्यानात ठेवा."

मुकिंदा तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसला. "ठेवतो," तो म्हणाला. "सुंद्रे, अगदी पक्कं ठेवतो. आता लक्षात आलं."

झालेलं नुकसान थोडं तरी भरून यावं, म्हणून सुंद्रानंच दुसऱ्या दिवशी एक भाडं मिळवलं. गावच्या भजनी मंडळाला जत्रेत भजनाची पाळी मिळाली होती. मंडळाचे प्रमुख तात्याबुवा, त्यांचा पहाडी आवाज, आणि मागं टाळकरी. पलीकडच्या गावचं भजनी मंडळही येणार होतं, आणि या दोन मंडळांचं एकमेकांशी फारसं पटत नव्हतं.

बुवा गाडीत बसले. टाळकरी बसले. मुकिंदानं फळी लावली आणि म्हणाला, "बुवा, उपरणं द्या जरा."

"कशाला रे?"

"तोंड बांधायचंय."

"हां हां, धूळ फार असते वाटेत," बुवा कौतुकानं म्हणाले. "बघा, किती काळजी घेतोय. बांधून घ्या रे सगळ्यांनी."

सगळ्यांनी बांधून घेतली. गाठी मुकिंदानं मारल्या. जन्मभर पोती बांधणाऱ्या माणसाची गाठ ती.

उन्हाचा कहर होता. अर्ध्या वाटेत बुवांना तहान लागली. त्यांनी गाठ सोडून बघितली. सुटेना. टाळकऱ्यांनी एकमेकांच्या गाठी ओढून बघितल्या. त्या आणखी घट्ट झाल्या. बुवा केबिनच्या काचेवर थापा मारू लागले, हातवारे करू लागले, अंगठा तोंडाकडं नेऊन पाणी दाखवू लागले. मुकिंदानं आरशात बघितलं. बुवा डोलताहेत, हात उडवताहेत. त्याला वाटलं, आत्ताच एवढा रंग भरलाय, तर जत्रेत काय होईल. त्यानं गाडी आणखी अलगद चालवली.

जत्रेत पोचल्यावर त्यानं सगळ्यांना खाली उतरवलं आणि मग गाठी सोडल्या, अगदी सांगितल्याप्रमाणे. बुवांनी पहिला अभंग सुरू करायला तोंड उघडलं आणि आतून फक्त दार करकरल्यासारखा आवाज आला. पाळी पलीकडच्या मंडळाला मिळाली. त्यांनी मुद्दाम लांबवून गायलं.

बुवांनी मुकिंदाला जवळ बोलावलं. ओरडायला आवाज नव्हता, म्हणून ते कानात कुजबुजले. "लेका, घसे कोरडे पडून मेलो असतो की आम्ही. उन्हातान्हात खिंड चढून आलेल्याला आधी पाणी विचारावं. विचारूही नये, सरळ पाजावं. काठोकाठ पाजावं. एवढीही माया नाही का रे तुला?"

मुकिंदाचे डोळे भरून आले. "आहे, बुवा. आता लक्षात आलं."

जत्रा झाली आणि बोलल्याप्रमाणे केरूआबा आले. बरोबर ते गिऱ्हाईकही होतं. पांढरी टोपी, हातात चामड्याची पिशवी. त्यानं हरणीकडं असं बघितलं, की मुकिंदा मधे जाऊन उभा राहिला.

सुंद्राला मात्र या वेळी धीर होता. आदल्या दिवशी शब्बीर मेस्त्री स्वतः हरणी चालवून बघून गेला होता. "वहिनी, काळजी सोडा," तो म्हणाला होता. "एवढा गोंधळ घालूनसुद्धा गाडी सुधारलीय. आबांना कशीही तपासू द्या."

निघताना सुंद्रानं मुकिंदाला बाजूला घेतलं. "अहो, आज नवीन काही करू नका. आत्तापर्यंत जे शिकलात तेवढंच करा."

"तेवढंच करतो," मुकिंदा म्हणाला.

सगळे फाट्यावरच्या डिझेल पंपावर गेले. आबांनी टाकी काठोकाठ भरायला लावली. मग म्हणाले, "जावईबापू, आता खिंड चढून वरच्या देवळापर्यंत जा आणि परत या. आल्यावर पुन्हा काठोकाठ भरू. जेवढं आत जाईल, तेवढं हिनं प्यायलं. कळलं? थोडंच गेलं, तर गाडी तुमची. मी पुन्हा नाव काढणार नाही."

"आणि जास्त गेलं तर?"

आबांनी गिऱ्हाइकाकडं बोट दाखवलं. गिऱ्हाइकानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

मुकिंदा निघाला. मनात पापड धरला होता, त्यामुळे पाय पिसासारखा पडत होता. टायर टणक होते. फिल्टरच्या डब्यात फिल्टरशिवाय काही नव्हतं. हरणी कुरकुर न करता खिंड चढली. देवळापाशी मुकिंदानं हात जोडले, गाडी वळवली आणि उतार उतरून आला. इतकी सुंदर गाडी त्या रस्त्यावर कुणी चालवली नसेल.

पंपाच्या अलीकडे, शेवटच्या उताराच्या डोक्यावर एक विहीर होती. तिथं त्याला राहवेना. त्यानं गाडी थांबवली, टाकीचं झाकण उघडलं आणि आत एक काडी घालून बघितली.

डिझेल बोटभर खाली गेलं होतं. फक्त बोटभर. शब्बीर मेस्त्री तिथं असता तर रस्त्यावर नाचला असता.

मुकिंदा नाचला नाही. सकाळी ही काठोकाठ होती. आता आत पोकळी दिसतेय. उन्हाची खिंड चढून आली बिचारी आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. त्यानं तिच्या बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट तापलं होतं.

विहिरीवर पोहरा होताच.

मुकिंदानं तिला सावकाश पाजलं. काठोकाठ पाजलं. झाकण लावलं आणि उपरण्यानं तिचं तोंड पुसलं.

उतारावरून येताना हरणीला दोन उचक्या लागल्या. मुकिंदाला त्याचं काही वाटलं नाही. घाईनं पाणी प्यायलं की लागतातच. तशीच घरंगळत ती पंपावर येऊन बरोबर जागेवर थांबली.

पंपवाल्यानं नळी टाकीत घातली. डिझेल लगेच बाहेर सांडलं.

"जात नाही, आबा," तो म्हणाला.

"नीट घाल."

त्यानं नीट घातलं. पुन्हा सांडलं. आबांनी स्वतः वाकून टाकीत बघितलं. टाकी तुडुंब भरलेली. ते गिऱ्हाइकाकडं वळले. गिऱ्हाइकाचं तोंड उघडं पडलं होतं.

"खिंड चढून उतरली आणि थेंबसुद्धा प्यायली नाही?" गिऱ्हाईक म्हणालं. "आबा, तुम्ही सांगाल ती किंमत देतो. आत्ता देतो."

"आता कशाला देतोस?" आबा म्हणाले. त्यांनी गाडीला लावलेली किल्ली काढून हातात घेतली. "अशी गाडी कुणी विकतं का? जावईबापू, मी तुम्हाला ओळखलं नाही. ही घ्या किल्ली. गाडी कायमची तुमची." त्यांनी पंपावरच नारळ फोडला आणि पहिला तुकडा जावयाच्या हातावर ठेवला.

मुकिंदा केबिनमधे बसला आणि त्यानं किल्ली फिरवली. हरणी घुरघुरली. पुन्हा फिरवली. घुरघुरलीही नाही.

शब्बीर मेस्त्रीला बोलावलं. त्यानं टाकीखालचा बोल्ट सैल केला, ओंजळ पुढं धरली, वास घेतला आणि डोळे मिटले.

"पाणी आहे," तो म्हणाला. "पार इंजिनापर्यंत गेलंय. सगळं उतरवून धुवावं लागेल. नळ्या बदलाव्या लागतील. एवढं करूनही चालू होईल याची खात्री नाही."

गिऱ्हाईक केव्हा निघून गेलं, ते कुणाला कळलं नाही. आबा नारळाची उरलेली वाटी हातात घेऊन नुसते उभे होते.

घरी सुंद्रा वाटेकडं डोळे लावून बसली होती. दिवस कलताना तिला हरणी येताना दिसली. तिच्यापुढं दोन बैल जुंपले होते, आणि मुकिंदा स्टिअरिंग धरून हसत होता.

सुंद्रा उठून पुढं आली. "अहो, काय झालं? आबांनी विकली का गाडी?"

"छे," मुकिंदा खाली उतरत म्हणाला. "किल्ली माझ्या हातात दिली. आता ही कायमची आपली. कुणी मागतसुद्धा नाही."

"आणि डिझेल? डिझेल किती लागतं आता?"

"थेंबसुद्धा लागत नाही, सुंद्रे," मुकिंदा म्हणाला, आणि त्यानं अभिमानानं बैलांच्या पाठीवर थाप मारली. "आता ही कडब्यावर चालते."